मरळीसाठी जिवंत चारा : परसातल्या खड्ड्याच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

मरळ गांडुळाला येते, बेडकाला येते, पण बोटाएवढा जिवंत मासा गळाला लावून काठाच्या गवताशी सोडला तर ती विचार करत बसत नाही. अडचण एवढीच की पाझर तलावाचं पाणी खाली जाऊन मरळ हाताशी येते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा आमचा ओढा जवळजवळ कोरडा असतो. चाऱ्याचे बारके मासे मिळायचे कुठून? दौंडपासून भिगवणपर्यंत विचारलं. मेलेले हवे तेवढे, जिवंत नाहीत. म्हणून हा खड्डा.

मासा कोणता, यावर बरीच चर्चा झाली. चिलापी आपोआप वाढते, पण एकदा शिरली की तळं तिचंच होतं, दुसरं काही ठेवत नाही. रोहू-कटल्याची बोटुकली विकत मिळतात, पण गळाला लावताना खवले झडतात आणि तासाभरात मरतात. शिवाय ते मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे दर वर्षी विकत आणणं आलं. गप्पी फारच बारका. राहिला सायप्रिनस (कॉमन कार्प). गढूळ पाणी, कमी हवा, सगळं सोसतो आणि साठलेल्या पाण्यात स्वतःहून अंडी घालतो. मूळचा आपला नाही, हे खरं. आज सगळीकडे दिसणारी जात १९५७ साली बँकॉकहून भारतात आली. पण उजनीत तो आधीच भरपूर आहे, त्यामुळे इथं नवीन पाहुणा आणल्याचं पाप नाही.

खणायला सुरुवात केली. जागा शेवग्याखाली ठरवली होती, सावली मिळेल म्हणून. तात्यांनी (माझे चुलते) ती हाणून पाडली. "अरे, शेवग्याची पानं बारीक. ती जाळीवर अडकायची नाहीत, सरळ पाण्यात जाऊन कुजणार." बरोबर होतं. खड्डा न्हाणीघराच्या मागं सरकवला. तिथं दुपारी एकपर्यंत ऊन, नंतर भिंतीची सावली.

वर १५ बाय १० फूट, तळाला ११ बाय ६, बाजू उतरत्या. साडेतीन फूट खोल न्यायचा होता, पण तीन फुटांवर मुरूम लागला आणि टिकाव उड्या मारायला लागला. तिथंच थांबलो. परसात जेसीबी शिरत नाही. दोन गडी, दोन दिवस, २,४०० रुपये.

१५ डिसेंबर

शेततळ्याचा कागद, ५०० मायक्रॉन, २४ बाय २० फुटांचा तुकडा, ४,२०० रुपये. दुकानदार ३०० मायक्रॉनचा गळ्यात मारत होता. मुरमाचा खड्डा असेल तर तो घेऊ नका. खाली चाळलेली माती आणि तिच्यावर खताच्या रिकाम्या गोण्या उसवून दुहेरी अंथरल्या. कागद कडेनं फूटभर चरात घालून मातीनं दाबला. कोपऱ्यात चुण्या पडतात त्या पडू द्याव्यात. ओढून ताणला की पाणी भरताना तिथंच फाटतो.

बोअरचं पाणी निम्म्यावर सोडलं.

२२ डिसेंबर

पाणी रोज इंचभर उतरतंय. थंडीच्या दिवसांत एवढी वाफ होत नाही, म्हणजे गळती. भोक शोधायची युक्ती कागद विकणाऱ्यानं सांगितली आणि ती कामाची आहे. पाणी भरत बसायचं नाही, उतरू द्यायचं. जिथं येऊन थांबेल, त्या रेषेवर चारी बाजूंनी बोट फिरवायचं. पाणी सव्वा फुटावर थांबलं आणि उत्तरेच्या बाजूला खोऱ्याच्या टोकाएवढी चीर सापडली. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन या कागदाला चिकटत नाही. दोनदा लावलं, दोन्ही वेळा सालपटासारखं निघून आलं. शेवटी गरम हवेच्या मशीननं तुकडा जोडून घेतला. ३०० रुपये आणि त्या माणसाची वाट बघण्यात आठवडा.

१२ जानेवारी २०२५

तळाशी दोन बोटं काळी माती पसरून पाणी पूर्ण भरलं, साधारण नऊ हजार लिटर. पाइप वर बांधून धार उंचावरून पाडली, कारण बोअरच्या पाण्यात विरघळलेली हवा कमी असते.

चुना टाकला नाही. मत्स्यपालनाच्या प्रत्येक पुस्तिकेत चुना सांगितलेला असतो, पण तो आंबट मातीसाठी. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) आधीच ८.२ येतोय. त्यात आणखी चुना टाकून काय मिळवायचं? कोकणातल्या तांबड्या मातीत खड्डा असेल तर गोष्ट वेगळी. आधी पट्टीनं सामू बघा, मग ठरवा.

२६ जानेवारी

खड्डा रिकामा करावा लागला.

पाणी दोन आठवडे मोकळं पडल्यावर त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. शेजारच्या काकूंनी त्या बघितल्या. बोलल्या काही नाहीत. त्यांच्या हौदात गप्पी आहेत, त्यातले तांब्याभर आणून माझ्या खड्ड्यात सोडले आणि संध्याकाळी कौतुकानं सांगितलं. अळ्या चार दिवसांत साफ. पण गप्पी फक्त डासांच्या अळ्या खात नाही. तोंडात मावेल ते हलणारं सगळं खातो, आणि सायप्रिनसचं नुकतं फुटलेलं पिल्लू त्याच्या तोंडात आरामात मावतं.

जाळी मारून गप्पी काढता येतील असं वाटलं होतं. येत नाहीत. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एकदा नर भेटला की पुढचे कित्येक वेत त्याच्यावर काढते. एक मादी मागं राहिली तरी महिन्यात पुन्हा तेच. सगळं पाणी उपसून केळीला दिलं, तळ दोन दिवस वाळवला. गप्पी काकूंच्या हौदात परत. काकूंना नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग डास वाढले तर तू निस्तर." रास्त मुद्दा आहे. मासे सोडेपर्यंत दर आठवड्याला बारीक जाळीच्या गाळणीनं अळ्या काढणं हे काम आता माझ्याकडे.

९ फेब्रुवारी

भिगवणच्या बाजारात पहाटे गेलो. जिवंत जोडी हवी म्हणून एका मच्छीमार मामांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी होडीच्या तळातल्या पाण्यात तीन मासे राखले होते, सव्वा किलोची एक मादी आणि पाऊण किलोच्या आतबाहेरचे दोन नर. भाव किलोचा न लावता नगावर लावला, तिघांचे मिळून ७०० रुपये. मामांना विचारलं, "अहो मामा, नर कशावरून?" त्यांनी पोटावरून शेपटीकडे अंगठा हलकेच दाबत नेला. दुधासारखा पांढरा थेंब आला. मादीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं आणि हाताला मऊ लागतं. दाबून मात्र बघायचं नाही.

घरी आणून सिमेंटच्या जुन्या हौदात नर-मादी वेगळे ठेवायचे होते. सोडण्याआधी उजेडात अंग बघितलं तर मादीच्या पराच्या मुळाशी डाळीच्या सालीएवढं, चपटं, पारदर्शक काहीतरी सरकताना दिसलं. नखानं ढकललं तर दुसरीकडे पळालं. माशाची ऊ, म्हणजे आरगुलस. एकूण पाच मिळाल्या. चिमट्यानं काढल्या आणि तिन्ही मासे तीन टक्के मिठाच्या पाण्यात (दहा लिटरला ३०० ग्रॅम खडा मीठ) दोन-तीन मिनिटं धरले. मासा आडवा व्हायला लागला की लगेच बाहेर. बाजारातून आणलेला कुठलाही मासा तपासल्याशिवाय खड्ड्यात टाकू नका. या उवा एकदा पाण्यात पसरल्या की पिल्लांचं रक्त पितात आणि मग हातात काही राहत नाही.

१२ फेब्रुवारी

खड्डा पुन्हा भरला. शेणाचं पुस्तिकेतलं प्रमाण चौरस मीटरला एक किलो, म्हणजे मला १४ किलो. प्लास्टिकच्या खड्ड्यात माती कमी म्हणून आठच किलो घेतलं, तेही मोकळं न टाकता गोणीत बांधून कोपऱ्यात बुडवलं. पाणी जास्त हिरवं व्हायला लागलं की गोणी उचलून बाहेर काढता येते.

२१ फेब्रुवारी

पाणी फिकट हिरवं झालंय. मोजायला यंत्र लागत नाही. हात पाण्यात उभा घालायचा. पाणी कोपरापर्यंत आल्यावर तळवा दिसेनासा झाला तर ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेण जास्त झालं. पिल्लांचं खाणं आहे का ते बघायला पांढऱ्या बशीत पाणी घेऊन उन्हाकडे धरलं. राईपेक्षा बारीक ठिपके झटके देत उड्या मारतायत. हे प्लवंग. हेच पिल्लांचं पहिलं जेवण.

जोडी अजून अंडी घालत नाही. मच्छरदाणीच्या कापडाचा सहा बाय तीन फुटांचा हापा (पाण्यात टांगायची पेटीसारखी जाळी) शिवून खड्ड्यातच बांबूंना टांगला, त्यात तिघांना सोडलं, काथ्या मोकळा करून त्याच्या जुड्या आत बांधल्या. दोन रात्री गेल्या, काही नाही. सकाळी पाणी १७ अंशांवर आहे. थंडी सरेपर्यंत थांबायचं. जोडी परत हौदात, वेगवेगळी.

२५ फेब्रुवारी

काल संध्याकाळी पाणी २३ अंशांवर होतं. पुन्हा हाप्यात सोडले. पहाटे चारला परसात कुणी कपडे धुतंय असा आवाज आला. नर मादीला काथ्यावर ढकलत होते, शेपट्यांचे फटके बसत होते. सकाळी आठपर्यंत सगळं शांत आणि काथ्याच्या प्रत्येक तंतूवर मोहरीएवढी पिवळसर काचेसारखी अंडी.

आईबापांना लगेच बाहेर काढा. थोडा उशीर झाला तर स्वतःचीच अंडी खातात.

आता गंमत अशी की किलोमागे लाखभर अंडी ही या माशाची रीत. मला चाऱ्याला लागणार फार तर पाच-सहाशे. हिशेब पुस्तिकेतून उचलला होता आणि तो शेततळं करणाऱ्यांसाठी असतो. त्यांना वाढ हवी, संख्या हवी. बारा जुड्यांपैकी दोन ठेवल्या, बाकीच्या ओल्या गोणपाटात गुंडाळून गावातल्या एका शेततळेवाल्याला दिल्या. पैसे घेतले नाहीत. त्याबदल्यात जूनमध्ये उरलेले मासे तो घेईल असं ठरलं. पुढं याचा उपयोग झाला.

२७ फेब्रुवारी

काही अंडी पांढरी फटक पडली आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढली. ही फळली नव्हती. बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर सरकते, म्हणून पांढरी जिथं जास्त होती तो काथ्या कात्रीनं कापून टाकला.

संध्याकाळी वारा पडल्यावर साबण-तेल मारलं. पिल्लं सोडण्याआधी हे करावंच लागतं, कारण आता पाण्यात पाठपोहे झालेत. पाठीवर उलटे पोहणारे, बोटाच्या पेराएवढे, पिल्लाला पकडून शोषणारे किडे. प्रमाण हेक्टरी १८ किलो साबण आणि ५६ किलो तेल. माझ्या १४ चौरस मीटरला २५ ग्रॅम साबण, ८० ग्रॅम सोयाबीन तेल. कपड्यांचा साधा वडीचा साबण किसून गरम पाण्यात विरघळवला, त्यात तेल घुसळलं, मगानं पृष्ठभागावर शिंपडलं. किड्यांना वर येऊन श्वास घ्यावा लागतो, तवंगामुळे तो घेता येत नाही. रात्रीत वाटीभर मेलेले किडे निघाले. वारा असेल त्या दिवशी करू नका, तवंग एका कडेला जमा होतो आणि किडे दुसऱ्या कडेला मजेत राहतात.

जुड्या या वेळी हौदात होत्या.

४ मार्च

अंडी तिसऱ्या दिवशी फुटली. पिल्लं आधी काथ्याला लटकून राहतात, पोटाखाली पिवळी पिशवी असते, तेवढ्यावर दोन-तीन दिवस जगतात. आज आडवी पोहायला लागली, म्हणून खड्ड्यात सोडली. बादली अर्धा तास खड्ड्यात तरंगत ठेवली, दोन्ही पाण्यांची ऊब सारखी झाल्यावर कलती केली.

पहिले चार दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, दिवसातून तीनदा, चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा. जास्त टाकला की पाण्याला वास येतो.

१६ मार्च

पिल्लं कमी दिसतायत. सकाळी काठावर जी धुरासारखी झुंड दिसायची ती विरळ झाली. मेलेलं एकही सापडत नाही, म्हणजे कोणीतरी खातंय. खंड्या आणि बगळा यांच्यासाठी वर जाळी (९०० रुपये) पहिल्या दिवसापासून आहे.

रात्री बॅटरी घेऊन बसलो तेव्हा कळलं. तळाच्या मातीत रंगानं मिसळून गेलेलं, सहा पायांचं, काटकीसारखं काहीतरी. पिल्लू समोरून गेलं. त्याचा खालचा ओठ दुमडलेल्या हातासारखा पुढं उलगडला, पिल्लू पकडून परत घडी झाला. पुढची मिनिटभर फक्त पिल्लाची शेपटी बाहेर हलत होती. चतुराचं पिल्लू. वर उडणारे चतुर फेब्रुवारीत पाण्याला शेपटी टेकवून जात होते ते यासाठी.

मग साबण-तेलानं ही का मेली नाहीत? कारण पाठपोह्यासारखं यांना वर येऊन हवा घ्यावी लागत नाही. यांचे कल्ले आत, मागच्या बाजूला असतात आणि तिथूनच ती पाण्यातली हवा घेतात. वर कितीही तेल ओता, त्यांना फरक नाही. हे पुस्तिकेत कुठं लिहिलेलं नव्हतं. औषध मारून त्यांना मारायचं तर पिल्लंही जातील. एकच उपाय, हात. चाळणीला काठी बांधून तळाची माती वरचेवर खरवडली, रोज रात्री. पहिल्या रात्री तीस-पस्तीस निघाली, नंतर कमी कमी होत गेली.

निम्म्याच्या वर पिल्लं गेली असावीत. दोन जुड्या ठेवल्या म्हणून निभावलं. पुढच्या वेळी पाणी भरल्या दिवशीच बारीक जाळी लावायची, पक्ष्यांची मोठ्या भोकांची चतुराला अडवत नाही. आणि खड्डा भरल्यापासून पिल्लं सोडेपर्यंतचा काळ दोन आठवड्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

६ एप्रिल

पाडवा झाला, ऊन चढलं, मासे इंचाचे झाले. आता खाणं भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, चाळून, भिजवून गोळा. गोळा पाण्यात फेकत नाही. जुनी ताटली चार दोऱ्यांनी टांगली आहे, तिच्यात ठेवतो. दीड तासानं उचलून बघायचं. उरलं असेल तर उद्या कमी, चाटूनपुसून असेल तर तेवढंच. पेंड-कोंडा ५५० रुपयांचा.

मच्छरदाणीचा तुकडा ओढून अंदाज घेतला, पाचशेच्या वर आहेत. दीडशे काढून हौदात टाकले, मोकळी जागा मिळावी म्हणून.

२७ एप्रिल

हौदातले चार इंचांचे झालेत, खड्ड्यातले सव्वादोन. खाणं दोन्हीकडे तेच.

शेततळेवाला हौदातले बघून खूश. माझ्या मात्र ते कामाचे नाहीत. चार इंची मासा गळाला लावला तर मरळ शेपूट तोडून जाते आणि जड असल्यामुळे तो स्वतःच दोरी ओढत गवतात शिरतो. मला अडीच ते तीन इंच हवा आणि तो तेवढाच राहायला हवा, जूनपर्यंत. म्हणजे दाटी हवी, खाणं मोजकं हवं. मासा दाटीत वाढायचा थांबतो, मरत मात्र नाही. वाढवायला सगळे शिकवतात, थोपवून धरायला कोणी शिकवत नाही. आजपासून खड्ड्यातलं खाणं एक दिवसाआड. हौदातले शेततळ्यात दिले.

६ मे

सकाळी साडेपाचला सगळे मासे पाण्यावर तोंड काढून आ-आ करत होते. काल दुपारी आभाळ आलं, वळीव बरसला, संध्याकाळपर्यंत ऊन नाही. हिरवं पाणी दिवसा हवा तयार करतं आणि रात्री तेच हवा खातं. ऊन नसलं की तयार होत नाही, खाणं चालूच. त्यात आमची दाटी.

लगेच बोअर चालू केला तर लाइट नाही. घमेल्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, तास-दीड तास. धाकट्या भावाला उठवलं. सात वाजता लाइट आली, धार सोडली, नऊपर्यंत मासे खाली गेले. अठरा मेले, सगळे मोठ्यातले. बारके अशा वेळी जास्त तग धरतात असं दिसलं.

केलेले बदल असे. शेणाची गोणी कायमची बाहेर. आभाळ असेल त्या दिवशी खाणं बंद. हवेचा छोटा पंप बॅटरीवर चालणारा घेतला, ६५० रुपये, रात्री दोन ते सहा चालतो. पंप आधी घ्यायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण पहिले दोन महिने त्याची गरज नव्हती आणि बारीक पिल्लांना बुडबुड्यांचा त्रासच होतो.

११ मे

पाझर तलावावर पहिली फेरी. ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे, गळ टाकायची तोंडी परवानगी त्यांच्याकडून घेतली.

निघताना तीस मासे वीस लिटरच्या कॅनमध्ये. पोचेपर्यंत अकरा मेले, पाण्यावर फेस आणि विष्ठा. तासाभराचाच रस्ता. कारण दोन. आदल्या संध्याकाळी पोटभर खाल्लेलं होतं आणि कॅन गाडीवर उन्हात होता.

१८ मे

दुसरी फेरी, एकही मेला नाही. दोन दिवस आधी मासे हाप्यात उपाशी ठेवले. कॅनमध्ये लिटरला तीन ग्रॅम मीठ, वर ओलं गोणपाट, हवेचा पंप चालू, आणि तीसच्या ऐवजी वीस मासे. हात ओला केल्याशिवाय माशाला लावायचा नाही. कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग तो गळावर टिकत नाही.

गळ पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकाखाली, फक्त कातडीतून. कण्याला लागला तर मासा आडवा पडतो. ओठातून लावून बघितला, पण गळ मोकळाच राहिला. पाठीत लावलेला मासा दोन तासांनीसुद्धा ताजा होता. त्याच दिवशी ओढ्यातल्या उरलेल्या डबक्यातून भावानं पकडलेले बारके मासे सोबत होते, ते वीस मिनिटांत थंड.

दोन मरळी. एक दीड किलोची, एक तळव्याएवढी, ती सोडली.

२६ मे

यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलंय. बारामती-इंदापूरकडं काल काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आणि आज मान्सून मुंबईत पोचल्याचं सांगतायत. आमच्या परसात रात्रीत खड्डा काठोकाठ भरून वाहिला. सकाळी कर्दळीच्या वाफ्यात मासे उड्या मारत होते, काही ओढ्याला लागले असणार. शंभराच्या आसपास गेले. ओढा शेवटी भीमेलाच मिळतो, तिथं सायप्रिनस आहेच, पण दुसरी कुठली जात असती तर हे चाललं नसतं. खड्डा करणाऱ्यानं काठाखाली चार बोटांवर दोन इंची पाइप आडवा बसवून त्याच्या तोंडाला जाळी बांधावी. मी मात्र तसा बसवला नाही. कागद कापायला जीव धजत नव्हता, म्हणून काठावरून वाकडा पाइप टाकून पाणी ओढून घेण्याची व्यवस्था केली. ती पाइपमध्ये हवा शिरली की बंद पडते.

वरच्या जाळीत दिवड अडकलेली सापडली, चांगली तीन-साडेतीन फुटांची. बिनविषारी, पण चावायला कमी करत नाही. नायलॉनचा धागा तिच्या खवल्यात रुतला होता. तात्यांनी गोणपाटानं डोकं दाबून धरलं, मी नखाच्या कात्रीनं एक-एक धागा कापला. ओढ्यात सोडली. सैल लोंबणारी जाळी साप पकडते. आता बांबूच्या चौकटीवर ताणून बसवली आहे, खाली हात जाणार नाही अशी.

१५ जून

मरळीचा हंगाम माझ्यापुरता संपला. पाणी वाढलं की ती अंडी घालते आणि पिल्लं जोडीनं राखते. काठाशी तांबड्या पिल्लांचा गोळा दिसायला लागला की त्याच्या आसपास गळ टाकत नाही, कारण आई काहीही चावते आणि ती गेली की गोळा संपला.

खर्चाची बेरीज : खणाई २,४००, कागद ४,२००, जोड ३००, जाळी ९००, पंप ६५०, जोडी ७००, पेंड-कोंडा ५५०. एकूण ९,७००. बोअरची वीज आणि आईचा मोडलेला मग धरलेला नाही. यातलं दर वर्षी लागणार ते फक्त खाणं. आईबाप हौदात आहेत.

खड्ड्यात साधारण दोनशे मासे उरले होते. दीडशे ठरल्याप्रमाणे शेततळ्यात गेले. त्यानं बोली केली नव्हती तरी त्यांचे ३०० रुपये दिले. पन्नास ठेवलेत. पावसाळ्यात शेतात वाम धरायला निघणारी पोरं दोन-तीनदा येऊन विचारून गेली, नग दोन रुपयांनी मागतायत. पाच सांगितले आहेत.

सायप्रिनस जुलै-ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा अंडी घालतो. मादीचं पोट पुन्हा भरताना दिसतंय. त्याआधी खड्डा पूर्ण उपसून तळ उन्हात वाळवायचा (ऊन मिळालं तर), पाइप कागदातून नीट काढून गरम हवेनं जोडून घ्यायचा, बारीक जाळी आणायची. या वेळी काथ्याची एकच जुडी ठेवणार.